उन्हाळा, मुलें आणि भेंडाची टोपी

आपल्या भाषेंत उन्हाळ्यासंबंधीं एक साधा शब्दप्रयोग आहे : मुलाला ऊन लागलें. दगड लागावा, ठेंच लागावी, तसें ऊन लागतें. बाहेरून कांहीं तरी येऊन अंगावर आदळतें आणि मूल आजारी पडतें, अशी कल्पना ह्या बोलण्याच्या पोटांत आहे. इंग्रजी ‘सन-स्ट्रोक’ ह्या शब्दांतहि तीच कल्पना आहे, आणि अलीकडे रूढ झालेल्या ‘उष्माघात’ ह्या भारदस्त शब्दांतहि आघात आहेच. शब्द तोंडांत बसला म्हणजे त्यांतील कल्पना आपण तपासून पाहत नाहीं. ही एवढी एक कल्पना तपासून पाहावयास चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांना किती तरी वर्षें लागलीं, आणि तेवढ्या काळांत लहान मुलांच्या रक्षणाचे कितीएक उपाय भलत्याच ठिकाणीं योजिले गेले. तो इतिहास मला आज सांगावयाचा आहे. त्यांत माझ्या स्वतःच्या एका चुकीचाहि वांटा आहे. ती योग्य जागीं सांगेन.

एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांत आलेल्या इंग्रजांना येथल्या उन्हाळ्याची जी धास्ती वाटे, ती स्वतःपेक्षां मुलांमुळें अधिक. साहेब कचेरींत पंख्याखालीं कसाबसा दिवस काढी; परंतु आपलीं मुलें ह्या मैदानी मुलखांत जगत नाहींत, असा त्याचा कटु अनुभव होता. जुन्या छावण्यांच्या दफनभूमींतून हिंडून पाहिलें तर लहान थडग्यांची दाटी पाहून आजहि मन विषण्ण होतें. तीं सगळीं मुलें उन्हानेंच गेलीं असें नव्हे. पटकी, हगवण, हिवताप, देवी ह्यांनीं पुष्कळ नेलीं. परंतु रोगजंतूंची ओळख त्या वेळीं झालेली नव्हती. म्हणून दोष हवेचा, आणि हवेचा दोष म्हणजे उष्णतेचा, असा हिशेब मांडला जाई. मग ज्याला परवडे तो मुलें सहा-सात वर्षांचीं होतांच त्यांना विलायतेस पाठवी आणि पुढें कितीएक वर्षें त्यांचें तोंडहि पाहत नसे. आईबापांची ही ताटातूट लहान नव्हती. राज्यकर्त्यांविषयीं आपलें मत कांहींहि असो, बंदरावर निरोप देणाऱ्या आईचें दुःख कोणत्याहि जातीचें नसतें.

गोऱ्या शिपायाला मात्र विलायतेचा खर्च शक्य नव्हता. त्याचीं मुलें बराकींतच वाढत आणि बराकींतच मरत. हें पाहून हेन्री लॉरेन्स ह्या अधिकाऱ्यानें १८४७ सालीं कसौलीजवळच्या सनावर ह्या डोंगरावर अशा मुलांसाठीं एक आश्रमशाळा काढली. पहिल्या तुकडींत अवघीं चौदा मुलेंमुली होतीं. हा लॉरेन्स पुढें १८५७ च्या धामधुमींत लखनौस मारला गेला, परंतु त्याच्या नांवाच्या आणखी शाळा अबूच्या पहाडावर व निलगिरींत निघाल्या; सनावरची शाळा तर आजहि चालू आहे. आपल्या मुंबई इलाख्यांत १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसलें. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर मॅलेट ह्यांना माथेरानचा माथा सांपडला, आणि १९०७ पासून तेथें छोटी आगगाडी झुकझुक करीत चढूं लागली. पुढें आपल्या मध्यम वर्गांतील कुटुंबेंहि मे महिन्यांत ह्या गाडीनें मुलांना वर नेऊं लागलीं. उपाय खोटा नव्हता. डोंगरावर हवा थंड असते हें कोणीं नाकारावें ? परंतु डोंगर थोडे आणि मुलें फार. शिवाय ज्याच्या खिशांत भाडें आहे त्याच्याच मुलासाठीं तो डोंगर.

दुसरा उपाय स्वस्त होता, आणि तो म्हणजे टोपी. गणपतीच्या मखराला आणि नवरदेवाच्या बाशिंगाला जें पांढरें, हलकें भेंड आपण वापरतों, त्या पाणवनस्पतीच्या गाभ्याचे थर एकावर एक चिकटवून ही टोपी करीत. बंगालींत भेंडाला शोला म्हणतात, त्यावरून ती ‘सोला टोपी’ झाली. पुष्कळ इंग्रजांचा असा समज असे कीं, सोला म्हणजे सूर्यासंबंधीं कांहीं तरी असावें. कित्येक जण तर तसें लिहीतहि. प्रत्यक्षांत तो तळ्याच्या कांठचा बंगाली शब्द होय. शिपाई, कलेक्टर, पाद्री, त्यांच्या मडमा आणि त्यांचीं पाळण्यांतून नुकतीं उतरलेलीं मुलें, सर्वांच्या डोक्यावर ही टोपी आली. साहेबाच्या घरचा नियम मोठा कडक असे. मूल ओसरीच्या बाहेर टोपीवांचून गेलें तर आयेला बोलणीं बसत. आकाश ढगाळलेलें असो, अंगणांत झाडाची दाट सावली असो, सकाळपासून पार उन्हें कलेपर्यंत टोपी डोक्यावर हवीच. लष्करांत तर टोपीवांचून उन्हांत गेल्याबद्दल शिक्षा होई. कित्येकांच्या सदऱ्याला पाठीच्या कण्यावर एक जाड शिवलेली गादी लावलेली असे, कारण उन्हाचा किरण कण्यांतून मेंदूस पोंचतो अशी भीति होती.

ह्या भीतीला शास्त्राचा आधारहि मिळाला होता. आणि मला ह्या प्रकरणांतील सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच वाटतो. उन्हांत प्रकाश व उष्णता ह्यांखेरीज कांहीं अदृश्य ‘अ‍ॅक्टिनिक’ किरण असून ते कवटी भेदून आंत जातात व मेंदूस इजा करतात, असें प्रतिपादन होई. १९०५ सालीं चार्ल्स वुडरफ ह्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनें उष्ण देशांतील प्रकाशाचे गोऱ्या माणसावर होणारे परिणाम ह्याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. मग तोडगा निघाला कीं, छायाचित्रकार आपल्या काळोख्या खोलींत तांबडा कांच वापरतो, तसें तांबड्या रंगाचें कापड अंगाशीं असलें तर हा किरण अडेल. अमेरिकन सरकारनें फिलिपाइन्स बेटांत ह्याची चक्क परीक्षा घेतली. १९०८ च्या सुमारास पांचशें शिपायांना नारिंगी-तांबडे आंतले कपडे दिले व दुसऱ्या पांचशेंना नेहमींचे पांढरे. वर्षभर वजनें घेतलीं, तक्रारी लिहून ठेवल्या. निष्कर्ष १९१० सालीं प्रसिद्ध झाला. तांबड्या कपड्यांचा फायदा तर कांहींच नव्हता. उलट ते घालणाऱ्यांना अधिक उकडे आणि त्या कपड्यांविषयीं त्यांच्या तक्रारीच फार! किरणाच्या नांवानें उकाडाच वाढवून ठेवला होता.

आतां एक प्रश्न कोणाहि शाळकरी मुलाला सुचावा. साहेबाच्या बंगल्याबाहेर त्याच उन्हांत गुरें राखणारीं आपलीं पोरें उघड्या डोक्यानें हिंडत होतीं. किरण कवटी भेदीत असेल तर तो त्यांची कां भेदीत नव्हता ? ह्यालाहि उत्तर तयार होतें : हिंदी लोकांची कवटी जाड असते ! सिद्धान्ताला अडचण आली म्हणजे सिद्धान्त न बदलतां मनुष्याचें डोकेंच बदलून टाकावें, असा हा प्रकार. पुढें दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशच्या आघाडीवर हजारों गोरे शिपाई साध्या नमद्याच्या टोप्या घालून, पुष्कळ वेळां उघड्या डोक्यानेंहि, उन्हांत राबले आणि कोणाच्याहि मेंदूस कांहीं झालें नाहीं. त्याबरोबर भेंडाच्या टोपीचा दरारा संपला. हिंदुस्थान सोडून जाणारे इंग्रज पोर्ट सय्यदजवळ आपल्या टोप्या समुद्रांत फेकून देत असत, तें ह्याच सुमाराचें.

मग खरी गोष्ट काय होती ? ती शोधून काढणारा मनुष्य उन्हांत गेलाच नाहीं. तो जमिनीखालीं गेला. जॉन स्कॉट हॉल्डेन नांवाचा एक शास्त्रज्ञ इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांताच्या कथलाच्या खोल खाणींत उतरला. तेथें सूर्य नाहीं, किरण नाहीं, आणि तरीहि खाणकामगार उष्णतेनें हैराण होत. प्रयोग करावयाचे ते स्वतःच्या शरीरावर, ही हॉल्डेनची रीत. तापवलेल्या खोलींत, खाणींत, वाफेच्या न्हाणींत तो बसे आणि आपल्या अंगाचा ताप मोजी. लहानपणीं त्यानें आपल्या मुलालाहि खाणींत नेलें होतें. तो मुलगा, जे. बी. एस्. हॉल्डेन, मोठा झाल्यावर हिंदी नागरिक झाला, आपल्याकडचे सैल कपडे आवडीनें वापरूं लागला आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास वारला. असो. बापानें १९०५ सालीं जें छापलें तें असें : साध्या तापमापकाचा आंकडा महत्त्वाचा नाहीं. तापमापकाच्या गोळ्याभोंवतीं ओलें कापड गुंडाळून जो आंकडा येतो, तो महत्त्वाचा. स्थिर हवेंत हा ओल्या गोळ्याचा पारा ३१ अंश सेंटिग्रेडच्या वर गेला कीं, उघड्या अंगानें स्वस्थ बसलेल्या माणसालाहि ताप चढूं लागतो. वारा वाहता असेल तर ही मर्यादा थोडी वर सरकते.

ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. आपलें शरीर ही एक अहोरात्र पेटलेली शेगडी आहे. ती उष्णता बाहेर टाकावयाचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि नुसता घाम येऊन भागत नाहीं. तो वाळला पाहिजे. माठाचें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें अंग गार होतें. हवा आधींच दमट असेल, कोंडलेली असेल, कपडा जाड असेल किंवा घाम यावयास अंगांत पाणीच उरलें नसेल, तर घरची उष्णता घरांत कोंडली जाते. अंगाचा ताप ४० अंशांच्या, म्हणजे जुन्या मापानें १०४ च्या, वर गेला व शुद्धि हरपूं लागली कीं तो उष्माघात. तो सावलींतहि होतो, बंद खोलींतहि होतो आणि सूर्य मावळल्यावरहि होतो. म्हणून नागपूरचें ४५ अंशांचें कोरडें ऊन आणि मुंबईचा ३८ अंशांचा दमट उकाडा ह्यांत दुसऱ्याला कमी लेखूं नये. १६ एप्रिल १९२३ नव्हे, अगदीं परवां परवां, १६ एप्रिल २०२३ रोजीं नव्या मुंबईजवळ खारघर येथें उघड्या मैदानावरील समारंभास आलेल्या चौदा माणसांचा उष्माघातानें अंत झाला. त्या दिवशीं पारा चाळिसाच्या आंतच होता.

मुलाची गोष्ट तर ह्याहून नाजूक. अंगाच्या वजनाच्या मानानें मुलाची कातडी मोठ्या माणसाहून पुष्कळ अधिक असते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची तर जवळजवळ अडीचपट. भोंवतालची हवा अंगापेक्षां तापलेली असली म्हणजे तेवढ्या मोठ्या दारांतून उष्णता आंत शिरते. मुलाला घामहि मोठ्या माणसापेक्षां कमी येतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, मूल आपल्या हातांत नसतें. तें आपल्या हातांत असतें. तान्हें बाळ दुपट्यांतून बाहेर येऊं शकत नाहीं. शाळेंतील मुलगा गुरुजींच्या परवानगीवांचून पाण्याला जाऊं शकत नाहीं.

येथें माझी चूक सांगतों. १९८८ सालीं विदर्भांतल्या एका तालुक्याच्या गांवीं मी शिक्षक होतों. एक मेच्या महाराष्ट्र-दिनाचें संचलन माझ्याकडे होतें. एप्रिलांत शाळा सकाळचीच असे, परंतु अकराला ती सुटल्यावर मी पन्नास मुलांना मैदानावर थांबवून घेत असें. मुलांच्या काळजीनें मी मोठ्या खटपटीनें सर्वांना पांढऱ्या टोप्या शिवून घेतल्या होत्या, आणि त्या टोप्यांवर माझी इतकी भिस्त होती कीं, त्या घातल्या म्हणजे माझें कर्तव्य संपलें असें मला वाटे. पाण्याची सुटी दिली कीं रांग मोडते, म्हणून ती संचलन संपल्यावर. एके दिवशीं पांचवींतील एक मुलगा दोन वेळां पुढें येऊन डोकें दुखतें म्हणाला. मी त्याला म्हटलें, “डोक्यावर टोपी आहे ना ? मग ऊन कसें लागेल ?” आणि रांगेंत परत पाठवला. मला वाटलें, ढोंग करतो. पांच मिनिटांत तो जागच्या जागीं कोसळला. अंगाला हात लावला तों तव्यासारखें तापलेलें. मी त्याला उचलून वर्गांत नेलें, दारें-खिडक्या लावून ऊन अडवलें, आणि सगळ्या मुलांनीं भोंवतीं कोंडाळें केलें. म्हणजे करूं नये तें सर्व मी केलें.

शाळेंत पाणी भरणाऱ्या एक बाई होत्या. त्या धांवत आल्या, मुलांना बाजूला सारलें, पोराला उचलून बाहेर लिंबाच्या सावलींत ठेवलें, सदरा काढला आणि रांजणांतील पाण्याच्या दोन घागरी डोक्यापासून पायांपर्यंत त्याच्यावर ओतल्या. मग एक सूप घेऊन त्या सारखा वारा घालीत बसल्या व मधून मधून आणखी पाणी शिंपडीत राहिल्या. मी पेल्यांत पाणी घेऊन त्याच्या तोंडाला लावूं लागलों, तर त्यांनीं माझा हात धरला. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजलें तर तें श्वासांत जातें, हें त्यांना माहीत होतें, मला नव्हतें. थोड्या वेळानें मुलानें डोळे उघडले. मग त्याला घोट-घोट पाणी दिलें आणि बैलगाडींतून सरकारी दवाखान्यांत नेलें. तो वांचला. दुसऱ्या दिवशीं मी बाईंना विचारलें, हें तुम्हांला कोणीं शिकवलें ? त्या म्हणाल्या, “गुर्जी, बैलाले ऊन लागलं तं आमी असंच करतो.” हॉल्डेनचें नांव मीं त्यानंतर कितीएक वर्षांनीं वाचलें. त्यांच्या सुपाच्या वाऱ्यांत आणि ओल्या अंगांत त्याचा सगळा निबंध होता.

टोपी निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र कोणीं करूं नये. पांढरें कापड डोक्यावर असलें तर डोकें कमी तापतें. रुंद कांठाच्या टोपीनें डोळ्यांना व मानेला सावली मिळते. आपलें उपरणें किंवा शेतकऱ्याचें मुंडासें ह्याच कारणासाठीं आहे. तक्रार एवढीच कीं, टोपीनें आपली जबाबदारी संपते असें वाटूं नये.

आपल्या घरगुती उपायांकडेहि ह्याच दृष्टीनें पाहावें. सगळेंच जुनें खरें असें नाहीं आणि सगळेंच खोटें असेंहि नाहीं. खिशांत कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाहीं, ही समजूत भेंडाच्या टोपीच्याच जातीची. कांदा खिशांत असतो आणि उष्णता अंगांत. घोळणा फुटला म्हणजे मुलाचें डोकें मागें टाकून कांदा हुंगवितात. त्याऐवजीं त्याला सरळ बसवून, डोकें किंचित् पुढें वांकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटें चिमटींत धरावा हें बरें. उलट, दारावर वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी मारणें हा उपाय कोरड्या हवेच्या गांवांत शंभर नंबरी. फक्त पडद्याआडची खोली कोंडलेली नसावी. वारा पडद्यांतून आंत येऊन दुसरीकडून बाहेर गेला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेंत त्याच पडद्याचा उपयोग थोडा, कारण तेथें पाणी वाळावयास तयारच नसतें.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हें देण्याची जी आपली चाल आहे, तिचें मला नेहमीं कौतुक वाटतें. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा हा महिना म्हणजे पारा चढावयाचा महिना. त्या वेळीं घरोघर पाणी, गूळ किंवा साखर आणि चिमूटभर मीठ एकत्र पोटांत जातें; बायकांच्या पदराला धरून आलेल्या मुलांच्याहि. त्या महिन्याच्या अखेरीस, अक्षय्य तृतीयेला, पाण्यानें भरलेला कुंभ दान देतात. मीठ आणि साखर पाण्याबरोबर गेलीं म्हणजे आंतडें तें पाणी चटकन् शोषून घेतें, हें शास्त्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळलें. १९७१ सालीं बांगला देशच्या निर्वासितांच्या छावणींत, बनगांव येथें, पटकीनें माणसें पटापट मरत होतीं आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपलें होतें. डॉ. दिलीप महालनोबीस ह्यांनीं मीठ-साखरेचें पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातांनीं पाजविलें, आणि शेंकडा तीसच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. उन्हाळ्यांत मुलाला जुलाब झाले तर हेंच करावें : एक लिटर उकळून गार केलेलें पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाबांत पन्हें मात्र देऊं नये. त्यांतील जास्त गोडीनें जुलाब वाढतात.

आणखी एक गोष्ट आजीबाईंना पटावयास कठीण जाते. सहा महिन्यांच्या आंतील अंगावर पिणाऱ्या बाळाला भर वैशाखांतहि वरचें पाणी नको. आईच्या दुधांत शंभर भागांत सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतें. बाळाला अधिक वेळां पाजावें आणि पाणी आईनें प्यावें. वरच्या पाण्यानें बाळाचें पोट भरतें, दूध कमी जातें आणि पाण्यांतून रोग येतो तो निराळाच.

सरकारचें लक्ष इकडे कसें वळलें, हें थोडक्यांत सांगतों. हिंदी हवामान खातें १८७५ सालीं निघालें. त्याची मुख्य कचेरी कांहीं काळ थंडगार सिमल्यास होती. १९२८ मध्यें ती पुण्यास आली. पुण्यांतील ‘सिमला ऑफिस’ हें नांव त्याचीच खूण. मैदानी प्रदेशांत पारा ४० वर जाऊन नेहमींपेक्षां साडेचार अंशांनीं चढला, किंवा सरळ ४५ ला भिडला, म्हणजे हें खातें उष्णतेची लाट जाहीर करतें. परंतु लाट जाहीर झाल्यावर गांवानें काय करावयाचें, हें बरीच वर्षें कोणीं ठरविलें नव्हतें. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत पारा ४६.८ पर्यंत चढला, आणि त्या एका महिन्यांत नेहमींपेक्षां १,३४४ माणसें अधिक मेलीं. त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेच्या दिवसांचा एक रीतसर आराखडा केला : आगाऊ सूचना, पाणपोया, दवाखान्यांची तयारी. पुढें आपल्या नागपुरासह अनेक शहरांनीं तो कित्ता गिरविला.

त्या २०१० च्या उन्हाळ्यांतील एक हकीकत मला सगळ्या आराखड्यांहून मोलाची वाटते. अहमदाबादच्या एका इस्पितळांत उष्णतेनें तापलेल्या नवजात बाळांची संख्या एकाएकीं वाढली. हीं बाळें उन्हांत गेलींच नव्हतीं. तीं जन्मल्यापासून इस्पितळाच्या छपराखालींच होतीं. आणि दोष छपराचाच होता. बाळंतिणींचा कक्ष अगदीं वरच्या मजल्यावर होता. दिवसभर तापलेली गच्ची रात्रभर खालीं उष्णता सोडी. पारा ४२ च्या वर गेला कीं प्रत्येक अंशामागें अशीं बाळें शेंकडा त्रेचाळीसांनीं वाढत. पुढें तो कक्ष खालच्या मजल्यावर हलविला. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं; खाटा फक्त खालीं आणल्या. अशा बाळांचें प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक घटलें.

ही हकीकत वाचल्यापासून मी कोणत्याहि शाळेंत गेलों कीं प्रथम वर पाहतों. आपल्या कितीएक शाळांच्या वर्गांवर अजून पत्रे आहेत. बाहेरच्या उन्हाला आपण भितों, म्हणून मुलांना आंत बसवितों आणि दार लोटतों. पत्र्याखालची ती खोली दहा वाजतां भट्टी झालेली असते. मोटारगाडीचेंहि तेंच. कांचा लावून उन्हांत उभ्या केलेल्या गाडींत पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनीं पारा चढतो, आणि बाजारांत ‘दोनच मिनिटें’ म्हणून गेलेलीं माणसें मूल झोंपलें आहे म्हणून त्याला आंत ठेवून जातात. विदर्भांत शाळा इतर महाराष्ट्रापेक्षां उशिरानें, जून संपतां संपतां उघडतात, हें शहाणपण आहेच. परंतु मार्च-एप्रिलचे दिवस राहतातच.

अहमदाबादेनें २०१७ पासून गरीब वस्तींतील छपरांना पांढरा चुना देण्याचें काम हातीं घेतलें. तें वाचून मी निवृत्तीनंतर आमच्या गांवच्या शाळेच्या पत्र्यांना तसा चुना देवविला. दोन माणसांचें दोन दिवसांचें काम झालें. पावसाळ्यांत तो धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनांत तो पुन्हां द्यावा लागतो. आणि वर्गांतील पाण्याचा माठ मुलांच्या हाताला येईल अशा ठिकाणीं हलविला आहे, विचारावयाची गरज न ठेवतां.